ब ओळीतल्या टिकल्या

१

डॉ. खंडेराव पगारांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रयोगशाळेत उडी मारली. चांगली हातभर उंच. डोक्यावरची कागदी टोपी खाली पडली, तीही उचलायचं त्यांना सुचलं नाही.

"भारी शे! भारी शे!" ते ओरडले. एरवी सर शुद्ध, तासून घेतलेलं मराठी बोलत. आनंद अनावर झाला, की मात्र त्यांच्या तोंडून सटाण्याकडची अहिराणी निसटायची.

गंगापूर धरणाच्या वाटेवर, द्राक्षबागांना लागून असलेल्या त्या छोट्याशा प्रयोगशाळेत उजेडाच्या काचेवर एक प्लास्टिकची चकती ठेवली होती. तिच्यात लहान लहान खळगे, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी लालचुटूक ठिपका. कपाळावर लावतात तशी टिकलीच.

"उज्वलाताई, टिकली म्हणजे विषाणू नाही," हर्षाली साळवे समजावून सांगत होती. हा सगळा प्रयोग हर्षालीनं स्वतःच्या हातांनी केला होता. "अंड्यांत तीन दिवस वाढवून काढलेल्या द्रवात कोंबडीच्या रक्ताचे थेंब टाकले, की विषाणू नसेल तर रक्त खाली बसतं आणि टिकली होते. विषाणू असेल तर तो रक्ताच्या पेशींना धरून ठेवतो आणि खळगाभर लाल जाळं पसरतं."

उज्वलाताई गांगुर्डे लक्ष देऊन ऐकत होत्या. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या होत्या. एक म्हणजे एकसष्टाव्या वर्षी पोहणं शिकणं, आणि दुसरी ही समिती. विषाणूंवर काम करायचं, तर सुरक्षा समितीवर एक तरी बाहेरचा माणूस हवा, असा दंडक. तो बाहेरचा माणूस म्हणजे उज्वलाताई. आज निकाल डोळ्यांनी बघून सही करायची, एवढंच त्यांचं काम होतं.

पगारसरांची भुकटी फिकट निळी होती. सिन्नरकडे विहिरी खोदताना काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक सापडतात, त्यांना झिओलाइट म्हणतात. चाळणीला असावीत तशी त्यांच्या अंगात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. त्या छिद्रांत सरांनी तांबं भरलं होतं. बर्ड फ्लूचा विषाणू या भुकटीच्या संगतीत टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरं ठरलं, तर कोंबड्यांच्या शेडमधल्या तुसात, पाण्याच्या वाटेवर ही भुकटी टाकून रोग दारातच अडवता येईल. पगारसर हा ध्यास घेऊन कित्येक वर्षं हिंडत होते.

"पेढे उघडा!" सर म्हणाले.

यंत्रांची देखभाल करणारा संघर्ष, हर्षालीचा नवरा, लगेच बाहेरच्या खोलीत पेढ्यांचा पुडा आणायला वळला.

"थांबा," डॉ. संजना पवार म्हणाल्या.

संजनामॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, पण चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्यांचं बोट चकतीच्या मधल्या ओळीवर टेकलं होतं.

"पण मॅडम, सगळीकडे टिकल्याच आल्यात की," संघर्ष म्हणाला. "मग तर उत्तमच ना?"

"उत्तम?" मॅडम म्हणाल्या. "अ ओळीत नुसतं मिठाचं पाणी होतं. तिथं टिकल्या याव्यात, आल्या. क ओळीत विषाणू आणि भुकटी. तिथं टिकल्या याव्यात अशी आपली इच्छा. पण ब ओळीत भुकटी नव्हतीच. तिथं नुसता विषाणू होता. ब ओळ जाळ्यांनी भरून यायला हवी होती."

खोलीतला आनंद फुग्यातून हवा जावी तसा फुस्स झाला.

उज्वलाताईंनी चष्मा वर केला. "म्हणजे भुकटीनं विषाणू मारलाच नाही?"

"मारणार कसा?" संजनामॅडम म्हणाल्या. "तो आधीच मेलेला होता."

२

उज्वलाताईंनी नोकरीत नाना तऱ्हेचे खून पाहिले होते, पण विषाणूचा खून हा पहिलाच.

"मॅडम, मागच्या आठवड्यात वीज गेली होती. फ्रीजर बंद पडला असेल," संघर्ष घाईघाईनं म्हणाला. "मी आत्ता जाऊन तपासतो."

"तपासायचं ते मी तपासते," मॅडम म्हणाल्या.

त्या फ्रीजरमध्ये विषाणूच्या बोटाएवढ्या कुप्या एकाच डब्यात ठेवलेल्या असत. हा बर्ड फ्लूचा सौम्य वाण. कोंबड्यांना तो अशक्त करतो, माणसाला क्वचितच लागतो, तरीही त्याला हात लावायचा तर हातमोजे, मुखपट्टी आणि काचेआडची बंदिस्त पेटी सक्तीची. प्रयोगाच्या दिवशी हर्षालीनं त्यातली हिरव्या झाकणाची कुपी वापरली होती. कोणती वापरायची हे आधीच ठरवून ती डब्यातल्या पुढच्या कप्प्यात ठेवली होती.

मॅडमनी डब्यातल्या दुसऱ्या दोन कुप्या काढल्या. हिरव्या झाकणाच्या कुपीतला उरलेला थेंबही घेतला. तिन्ही वेगवेगळ्या अंड्यांत सोडून अंडी उबवणीला ठेवली. विषाणूला वाढायला अंडं लागतं आणि तीन दिवस लागतात. त्याला दुसरा इलाज नाही.

जाताना मॅडम उज्वलाताईंना फाटकापर्यंत सोडायला आल्या.

"ताई, कुणी विषाणूशी खेळ केला असेल, तर ते मला वर कळवावंच लागेल. चौकशी बसेल, प्रयोगशाळेला टाळं लागेल. पुढच्या महिन्यात हरसूलच्या शेडमध्ये चाचणी धरलीय, ती बुडेल. आणि लोक म्हणणार, पगारांनी निकाल बनवला. त्या माणसाचं आयुष्य मातीत जाईल हो."

"तुम्हाला सरांवर संशय आहे?"

मॅडम फाटकाची कडी काढू लागल्या. त्यांच्या मनात तो येऊन गेला होता, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

तीन दिवसांनी उज्वलाताई तरणतलावावरून बाहेर पडत असतानाच फोन वाजला.

"बाकीच्या दोन्ही कुप्या ठणठणीत," मॅडम घाईनं म्हणाल्या. "जाळीच जाळी. फक्त हिरव्या झाकणाची मेलीय. फ्रीजरचा काही दोष नाही, ताई. कुणीतरी नेमकी तीच कुपी हेरून मारलीय."

३

दुसऱ्या दिवशी उज्वलाताईंनी चौकशी सुरू केली, ती मिसळीपासून.

"उपाशी माणूस खोटं बोलतो आणि पोटभर जेवलेला विसरतो," त्या म्हणत. "मिसळ समोर असली, की माणूस मधल्या मध्ये सापडतो." त्यांनी सगळ्यांसाठी मिसळ मागवली. बाहेरच्या खोलीत तर्रीचा वास दरवळला. हर्षालीनं ओढणी नाकाला लावली.

"मला नको, ताई. ॲसिडिटी झालीय," म्हणत ती अंगणात जाऊन उभी राहिली.

"हर्षाली विंचूरची ना?" उज्वलाताईंनी विचारलं.

"हो. आणि मिसळीवर माझ्याआधी हिचा हात पडायचा," मॅडम म्हणाल्या. "या प्रयोगानं झोप उडालीय पोरीची. दोन वर्षं घासलीय तिनं."

पगारसर पाव नुसताच कुस्करत बसले होते.

"ताई, तुम्ही मला सरळ विचारा," ते म्हणाले. "निकाल चांगला यावा असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत होतं? मला. तर मीच विषाणू मारला असणार, असं लोक म्हणतील."

"मारलात?"

"मारायचा असता, तर क ओळीतला मारला असता. ब ओळ ठेवायचा हट्ट कुणी धरला होता माहितीय? मी! संजनाला विचारा. ती म्हणाली होती अंडी कमी आहेत, ब ओळ छोटी करू. मी म्हटलं, उलट मोठी कर. नुसता विषाणू जिवंत आहे हे दिसल्याशिवाय माझ्या भुकटीला कोण विचारतं?" त्यांचे डोळे भरून आले. "आणि त्याच ओळीनं माझं नाक कापलं बघा."

मॅडमनी मान डोलावली. "हे खरं आहे."

मग उज्वलाताई अंगणात हर्षालीपाशी गेल्या.

"कुपी बाहेर काढलीस, तेव्हा काही वेगळं वाटलं का?"

हर्षाली आठवू लागली. "झाकण. फार घट्ट बसलं होतं. मला दोनदा जोर लावावा लागला. थंडीनं आखडलं असेल असं वाटलं."

"ती रिकामी कुपी आहे अजून?"

"आहे. निकाल पक्का होईपर्यंत टाकायची नाही, असा नियम आहे."

हे ऐकून उज्वलाताई अर्धी राहिलेली मिसळ तशीच सोडून थेट आत गेल्या, आणि त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही यातलं गांभीर्य समजलं असतं.

४

संजनामॅडमनी हातमोजे घालून काचेच्या पेटीत कुपी धरली. उज्वलाताई बाहेरून काचेला नाक लावून पाहत होत्या.

"झाकण उलटं करा. त्या आट्यांमध्ये काय अडकलंय?"

मॅडमनी चिमट्यानं ते ओढलं. पांढरी, पातळ, कापसासारखी मऊ पट्टी. ताणली, तशी ती लांबली आणि तुटली.

"ही आमची नाही," मॅडम म्हणाल्या. "आम्ही मेणकापडासारखी चिकटणारी पट्टी वापरतो, तीही बाहेरून."

"ही तुमच्या माझ्या घरातली आहे," उज्वलाताई हळूच म्हणाल्या. "नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती. पाणी झिरपू नये म्हणून." त्या एकदम वळल्या. "मॅडम, विषाणू मारायचा सगळ्यात सोपा उपाय कुठला?"

"उष्णता. हात पोळेल इतक्या गरम पाण्यात अर्धा पाऊण तास ठेवला, की संपला. हे तर मी इथल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. धीर यावा म्हणून."

"आणि गरम पाणी?"

मॅडमनी यंत्रांच्या खोलीकडे बोट केलं. तिथं भिंतीशी गरम पाण्याचं चौकोनी भांडं होतं. हवं तितकं तापमान लावा, तासन् तास तेवढंच राहतं.

"म्हणजे कुणीतरी आत काही टाकून नाही, तर झाकण अजून घट्ट करून विषाणू मारला," उज्वलाताई म्हणाल्या. "आत पाण्याचा थेंब जाऊ नये आणि आतला बाहेर येऊ नये, याची पुरेपूर काळजी घेऊन. मोठा जपणारा खुनी आहे."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. त्या दोघी बाहेरच्या खोलीत येतात तोच दारातून गोटीराम बोडके आत आले. कोंबड्यांची औषधं, खाद्याची भांडी, शेडमधल्या पाण्याच्या नळ्या, सगळ्याचा त्यांचा व्यापार. बाहेरून आणलेलं महागडं जंतुनाशकही तेच विकत. पगारसरांची स्वस्त भुकटी बाजारात आली, तर पहिला फटका त्यांनाच बसणार होता. प्रयोगाच्या आदल्या दिवशीही ते इथं येऊन गेले होते.

"नमस्कार मंडळी! काय म्हणते निळी भुकटी?" म्हणत त्यांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला.

रुमालाबरोबर खिशातून काहीतरी खाली पडलं आणि घरंगळत उज्वलाताईंच्या पायाशी येऊन थांबलं.

पांढऱ्या पट्टीचं रीळ होतं ते.

५

"अहो, माझ्या दोन्ही खिशांत असतं ते!" गोटीराम कळवळून सांगत होते. "रोज कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये नळ गळतो. हे बघा, पान्हासुद्धा आहे. अटक करा पान्ह्याला!"

"प्रयोगाच्या आदल्या दिवशी इथं कशाला आला होता?"

गोटीरामांनी एकवार पगारसरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे.

"सर, सांगू का?"

"सांगून टाका," सर पुटपुटले.

"मी भुकटीची एजन्सी मागायला आलो होतो," गोटीराम म्हणाले. "अख्ख्या जिल्ह्याची. ते परदेशी जंतुनाशक विकून विकून वैतागलोय. शेतकरी शिव्या देतात. सर म्हणाले, निकाल लागेपर्यंत एक शब्द नाही काढायचा. मी तर नवश्या गणपतीला नवस बोललोय, ही भुकटी चालू दे म्हणून! मी कशाला हो मोडता घालीन?"

"आणि आतल्या खोलीत?"

"मला कोण जाऊ देतंय आत? दाराला बोट लावावं लागतं. माझं बोट ते दार ओळखत नाही."

हे खरं होतं. आतलं दार चौघांनाच ओळखत होतं. मॅडम, पगारसर, हर्षाली आणि संघर्ष.

उज्वलाताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. डोकं ठणकत होतं. कुणाला काय हवं होतं, याचा मेळच बसत नव्हता. जेवणाची सुट्टी झाली होती, आणि बाहेर हर्षाली आणि संघर्ष स्कूटरवरून घरी निघाले होते.

फाटकापाशी एक गतिरोधक होता. तो यायच्या आधी संघर्षनं स्कूटर थांबवली. हर्षाली खाली उतरली. त्यानं स्कूटर ढकलत, हलकेच, अंड्यांची पाटी न्यावी तशी गतिरोधकावरून पलीकडे नेली. ती चालत पलीकडे गेली आणि पुन्हा बसली. त्यानं वळून तिची ओढणी चाकात जात नाही ना, ते पाहिलं. मग ते निघाले, बैलगाडीच्या वेगानं.

उज्वलाताई पाहत राहिल्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, इतकं, की गोटीरामांना वाटलं आता आपली काही धडगत नाही.

"बोडके, तुम्ही सुटलात," त्या म्हणाल्या. "मॅडम, दुपारी सगळ्यांना एकत्र बोलवा. खुनी सापडला."

६

दुपारी बाहेरच्या खोलीत सगळे बसले. पगारसर खुर्चीच्या कडेवर. हर्षाली पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. संघर्ष दाराला टेकून उभा.

"मी पहिल्यापासून चुकीचा प्रश्न विचारत होते," उज्वलाताईंनी सुरुवात केली. "निकाल बिघडवून कुणाचा फायदा, असा. बघा हं. ज्याला भुकटी पडायला हवी, तो विषाणूला हातच लावणार नाही. त्याला विषाणू धडधाकट हवा. तो भुकटीत खोट करील. म्हणून बोडके यात नाहीत, एजन्सीचं सोडलं तरी. ज्याला भुकटी जिंकायला हवी, तो विषाणू मारील, पण ब ओळीचं काय करायचं ते आधी बघील. पगारसरांनी तर ती ओळ भांडून मोठी करून घेतलेली. मॅडम आणि हर्षाली यांना ब ओळ झोपेतही चुकायची नाही. मेलेला विषाणू तिथं लगेच पकडला जाणार, हे या तिघांनाही पक्कं ठाऊक होतं."

"मग उरलं कोण?" पगारसरांनी विचारलं.

"उरला असा माणूस, ज्याला विषाणू कसा मारायचा हे माहीत आहे, पण ब ओळ कशासाठी असते हे माहीत नाही. सगळीकडे टिकल्या आल्या, म्हणजे सगळे खूश, असं ज्याला मनापासून वाटलं."

संघर्षनं मान खाली घातली.

"आणि त्याला निकालाशी काही देणंघेणंच नव्हतं," उज्वलाताई म्हणाल्या. "म्हणून तो मला सापडत नव्हता. निकाल बाजूला ठेवला, आणि मग मी दुसरा प्रश्न विचारला. ती कुपी हातात कोण घेणार होतं? तिचं झाकण कोण उघडणार होतं? तिच्यातला थेंब जिवंत असायला नको, असं कुणाला वाटेल?" त्या थांबल्या. "पुढचं मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही."

हर्षाली सावकाश उठली. मांडीवरची बाटली गडगडत गेली.

"संघर्ष? तू?"

"तूच शपथ घातली होतीस ना," तो कसाबसा म्हणाला. "प्रयोग होईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. मॅडमना कळलं तर माझं काम काढून घेतील म्हणालीस. मी काय करणार होतो? तुला थांबवता येईना, कुणाला सांगता येईना. मग म्हटलं, निदान त्या कुपीत जिवंत काही नको. आदल्या दिवशी दुपारी सगळे वर मीटिंगला होतात. मी झाकण पक्कं केलं, गरम पाण्यात ठेवली आणि परत थंड करून जागेवर नेऊन ठेवली. हिरवं झाकण तूच मला दाखवलं होतंस."

"दोन वर्षं, संघर्ष! माझी दोन वर्षं!" हर्षालीचा आवाज फुटला. "मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं, तर तू ऐकलं असतंस?"

तिनं गडगडत गेलेली बाटली उचलून खुर्चीवर आदळली.

संजनामॅडम एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होत्या. मिसळ, ओढणी, ॲसिडिटी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं असावं. त्या पुढे झाल्या.

"हर्षाली, कितवा?"

"चौथा लागला परवा," हर्षाली म्हणाली, आणि रडायलाच लागली. "मागच्या वर्षी सगळ्यांना सांगितलं होतं मॅडम, आणि मग काहीच राहिलं नाही. परत सगळ्यांना तेच सांगत फिरायचं बळ नव्हतं माझ्यात. म्हटलं, एवढा शेवटचा प्रयोग करते, तोवर तीन महिनेही उलटतील, मग सांगते."

"वेडे," मॅडम म्हणाल्या. "मी तुझं काम काढून घेतलं असतं, हे बरोबर. तुझं नाव काढून घेतलं असतं का? पेटीत हात माझे असते, डोकं तुझं असतं. एवढंच झालं असतं." असं म्हणून त्यांनी तिला जवळ घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून संघर्षकडे असं पाहिलं, की त्यानं आणखी थोडं दारात मागं सरकून घेतलं.

सगळ्यात आधी हसले ते पगारसर. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरधरून.

"आरे बाबा," डोळे पुसत ते म्हणाले, "मी मरायला टेकलो होतो रे, माझं नाव बुडालं म्हणून! आणि इथं तर नाव ठेवायची वेळ आलीय!"

अंगणात थांबवलेल्या गोटीरामांनी बाहेरून विचारलं, "मी आता येऊ का आत?"

७

शिक्षा झाली, नाही असं नाही. उज्वलाताईंनी समितीपुढे सगळं जसंच्या तसं मांडलं. काही लपवलं असतं, तर पुढं पगारसरांच्याच भुकटीवर डाग राहिला असता. संघर्षचं बोट आतल्या दाराच्या ओळखीतून वर्षभरासाठी काढून टाकलं. त्याला कडक शब्दांत समज दिली, आणि संजनामॅडमनी त्याला अ, ब आणि क ओळींचा अर्थ इतक्या वेळा समजावून सांगायला लावला, की पुढं पुढं तो गोटीरामांनाही तो समजावू लागला. विषाणू बाहेर गेला नव्हता, कुणाला अपाय झाला नव्हता, म्हणून प्रयोगशाळेला टाळं लागलं नाही. प्रयोग मात्र पहिल्यापासून करायचा, असं ठरलं.

या वेळी पेटीत हात संजनामॅडमचे होते. हर्षाली दोन दारांपलीकडे, कार्यालयात बसून फोनवरून सूचना द्यायची. "मॅडम, भुकटी अजून थोडा वेळ हलवा. हां. आता गाळा." इतक्या वर्षांत आपल्याला कुणी एवढं हुकमात ठेवलं नव्हतं, असं मॅडम सगळ्यांना सांगत सुटल्या.

निकालाच्या सकाळी आत मॅडम आणि उज्वलाताई दोघीच होत्या. बाकीचे कार्यालयातल्या पडद्यासमोर दाटीवाटीनं उभे. उजेडाच्या काचेवर चकती आली.

"अ ओळ," मॅडम म्हणाल्या. "टिकल्या."

"ब?" हर्षालीनं विचारलं.

"जाळी. सगळीच्या सगळी. ठसठशीत लाल जाळी."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. विषाणू जिवंत असल्याचा इतका आनंद नाशकात आजवर कुणाला झाला नसेल.

"आणि क?" हे पगारसर.

मॅडमनी मुद्दाम वेळ घेतला. चष्मा पुसला. चकती थोडी तिरकी करून पाहिली.

"जिथं भुकटी भरपूर होती, तिथं टिकल्या. मध्यम होती, तिथंही टिकल्या. जिथं अगदी चिमूटभर होती, तिथं मात्र दोन चार जाळी आहेत. म्हणजे कमी पडली की हरते, पुरेशी असली की जिंकते."

"म्हणजे खरी आहे," उज्वलाताई म्हणाल्या.

"खरी आहे. अंड्यातली खरी. शेडमधली अजून बघायची, पाणी, ऊन, घाण सगळ्यात टिकते का ते बघायचं. लांबचा पल्ला आहे, सर."

पण सरांना पुढचं काही ऐकू गेलं नव्हतं. या वेळी त्यांनी उडी मारली नाही. ते खुर्चीत बसले, दोन्ही तळवे चेहऱ्यावर ठेवले, आणि त्या तळव्यांमागून बारीक आवाज आला, "शे. खरंच शे."

गोटीरामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. संघर्षनं पेढ्यांचा पुडा उघडला, पण आधी एकदा मॅडमना फोनवर विचारून घेतलं.

हातपाय धुऊन उज्वलाताई आणि मॅडम बाहेर आल्या, तेव्हा हर्षाली फोन हातात धरून घुटमळत होती.

"आईला सांगते आता," ती म्हणाली. "अजून तिला काहीच माहीत नाही. प्रयोगाचं पण नाही आणि हे पण नाही. ती हळवी आहे हो, मागच्या वेळी फार लावून घेतलं होतं तिनं. कशी सुरुवात करू?"

"सरळ सांग," उज्वलाताई म्हणाल्या. "आणि आवाज बाहेर येऊ दे. आम्हालाही ऐकायचंय."

विंचूरला भिमाबाईंनी फोन उचलला. मागं कांद्याच्या लिलावाचा गलका चालला होता, त्यावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, "बोल गं!"

"आई, एक सांगायचं होतं. घाबरू नकोस. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. मी..."

"थांब जरा, हितं काही ऐकू येत नाय, दुकानात जाते." पावलांचा आवाज, दार लावल्याचा आवाज. गलका कमी झाला. मग भिमाबाई म्हणाल्या, "हां, आता सांग. पोराच्या दुपट्याला निळं कापड घेऊ का पिवळं? दुकानदार लय येळ उभा हाय माझ्यासाठी."

हर्षालीचं तोंड उघडंच राहिलं.

"आई! तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पायजे? सव्वा महिना झाला मला कळून. तू सांगशील म्हणून गप बसले होते, दुसरं काय." मग आवाज एकदम मऊ झाला. "बरी हायेस ना, बाळा?"

हर्षालीनं ओढणी डोळ्यांना लावली. संघर्षनं फोन तिच्या हातून हलकेच घेतला. "आई, बरी आहे ती. एकदम बरी आहे. आणि पिवळं घ्या."

"निळं!" खोलीच्या त्या टोकाहून पगारसर ओरडले.

"हे कोण?" भिमाबाईंनी विचारलं, आणि मग त्यांना हे कोण ते सांगायला एकाच वेळी पाचजण बोलायला लागले.